कायदा गुलामांच्या दारी नेणाऱ्या सोजर्नर ट्रूथ

गुलामी कायद्याने संपते. पण कालपर्यंत गुलाम असलेल्या माणसाला तो कायदा समजावून सांगायचा कोणी? त्याचे आजारपण काढायचे कोणी? त्याच्यासाठी कोर्टाची पायरी चढायची कोणी? अमेरिकेत हे काम करणाऱ्यांत सोजर्नर ट्रूथ अग्रभागी होत्या.

१७९७ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात त्या गुलाम म्हणूनच जन्मल्या. नाव इसाबेला. बालपणापासून अनेकदा विकल्या गेल्या. अक्षरओळख कधीच झाली नाही. १८२६ मध्ये तान्ही मुलगी कडेवर घेऊन त्यांनी मालकाचे घर सोडले. त्यांचा मुलगा पीटर याला बेकायदेशीरपणे अलाबामात विकले होते. ही निरक्षर आई कोर्टात गेली आणि १८२८ मध्ये मुलाला सोडवून आणले. सोजर्नर ट्रूथ हे नाव त्यांनी १८४३ मध्ये स्वतःच घेतले.

यादवी युद्धात मुक्त झालेले हजारो गुलाम वॉशिंग्टनकडे लोटले. अंगावर धड कपडा नाही, पोटात अन्न नाही, छावण्यांत रोगराई. १८६४ मध्ये पासष्टी ओलांडलेल्या ट्रूथ तेथे पोहोचल्या. अर्लिंग्टनच्या वसाहतीत त्या स्त्रियांना स्वच्छता आणि घरकाम शिकवू लागल्या. मेरीलँडचे गोरे तेथून मुले पळवून नेत. आता हा गुन्हा आहे, तक्रार करा, असे त्यांनी आयांना शिकवले. तुरुंगाच्या धमक्यांना त्या डरल्या नाहीत.

मार्च १८६५ मध्ये सरकारने मुक्त गुलामांसाठी फ्रीडमेन्स ब्युरो हे खाते काढले. त्याच वर्षी ट्रूथ फ्रीडमेन्स हॉस्पिटलमध्ये रुग्णसेवा करू लागल्या. ट्राममध्ये वर्णभेद करण्यास कायद्याने बंदी होती, तरी काळ्यांसाठी ट्राम थांबत नसे. एका कंडक्टरने ढकलल्याने त्यांचा खांदा निखळला. त्यांनी ब्युरोच्या वकिलामार्फत त्याला अटक करविली. त्याची नोकरी गेली. त्यानंतर काळी माणसे ट्राममध्ये दिसू लागली.

पण सरकारी शिध्यावर माणूस किती दिवस जगणार? जमीन हवी, काम हवे, हे त्यांनी ओळखले. १८७० मध्ये पश्चिमेकडील सरकारी जमीन मुक्त गुलामांना द्यावी, यासाठी त्यांनी गावोगाव सह्या गोळा केल्या. काँग्रेसने जमीन दिली नाही. १८७२ मध्ये ब्युरोही बंद झाला. २६ नोव्हेंबर १८८३ रोजी ट्रूथ यांचे निधन झाले.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केला. त्या लढ्याची ही दुसरी बाजूही चळवळीने ध्यानात ठेवावी. जाहीरनाम्याने बेड्या तुटतात. हक्क मात्र दवाखान्यात, कोर्टात आणि ट्रामच्या पायरीवर रोज वसूल करावा लागतो. आणि जमिनीचा प्रश्न सुटल्याशिवाय मुक्ती पुरी होत नाही.