संत गोन्सालो गार्सिया यांचे परमुलखातले बिऱ्हाड

संत गोन्सालो गार्सिया कोण, हे वसईच्या माणसाला सांगावे लागत नाही. गास गावचे चर्च त्यांच्या नावाचे, वसईतले महाविद्यालय त्यांच्या नावाचे. पण त्यांची गोष्ट सांगायला बसलो की आपण तडक नागासाकीच्या टेकडीवर जाऊन पोहोचतो. क्रूस आणि भाले तेवढे लक्षात राहतात. मला मात्र त्याआधीच्या साडेतीन वर्षांचे कुतूहल अधिक आहे. परमुलखात हा आपला वसईकर राहत कसा होता, दिवसभर कोणती कामे करीत होता, हे आम्हा घर चालवणाऱ्या बायकांना विचारावेसे वाटणारच.

गोन्सालोचा जन्म 1556 च्या सुमारास वसईचा. वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच, असे बहुतेक चरित्रकार लिहितात आणि त्या आईला एवढ्या दोन शब्दांवर निरोप देतात. आमच्या सांडोरपासून किल्ला काही लांब नाही. त्या किल्ल्यात येशूसंघीय फादरांची शाळा होती, तिथे हा मुलगा शिकला. फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांचा त्याच्यावर लोभ होता. जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो धर्मगुरूंबरोबर जहाजावर चढला आणि जपानात उतरला. तिथे आठ वर्षे त्याने लोकांना धर्मशिक्षण दिले आणि त्यांची भाषा इतकी आपलीशी केली की पुढच्या साऱ्या आयुष्याची ती किल्लीच ठरली.

येशूसंघात कायमचे सामील व्हावे ही त्याची मोठी इच्छा. ती पुरी झाली नाही. मनात अढी धरून बसण्याजोगाच हा प्रसंग होता. गोन्सालोने व्यापार धरला. मकाव, जपान, मनिला अशा खेपा करून चांगला पैसाही मिळवला. पण जुनी ओढ काही सुटेना. अखेर मनिलात तो फ्रान्सिस्कन संघात शिरला, तेही धर्मगुरू म्हणून नव्हे, ब्रदर म्हणून. मिस्सा करणे, पापनिवेदन ऐकणे हे ब्रदरचे काम नव्हे. स्वयंपाक, झाडलोट, दारावरची देखरेख, भिक्षा मागणे, आजाऱ्यांची उठबस, ही मठातली कामे त्यांच्याकडे. शिवाय त्या संघाचा नियम असा की पैशाला हात लावायचा नाही. काल-परवापर्यंत जो माणूस गाठी सोडून नाणी मोजत होता, त्याने आता भिक्षेच्या तांदळावर दिवस काढायचे होते.

1593 साली फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे फादर पेद्रो बाउतिस्ता यांना वकील म्हणून पाठवले. दुभाष्या म्हणून बरोबर ब्रदर गोन्सालो गेले. कोरियावरच्या स्वारीसाठी हिदेयोशी तेव्हा क्युशू बेटावर तळ देऊन होता, तिथे त्यांची भेट झाली. या भेटीतून त्यांना राजधानी क्योतो येथे राहण्याची परवानगी आणि पुढे जागाही मिळाली. 1594 मध्ये तिथे देवदूतांच्या राणीच्या नावाने चर्च उभे राहिले आणि त्याच्या आसऱ्याने कुष्ठरोग्यांसाठी दोन रुग्णालये निघाली, एक संत अॅनाच्या आणि दुसरे संत योसेफाच्या नावाचे.

हे बिऱ्हाड मला नजरेसमोर आणावेसे वाटते. अंगावर जाडाभरडा झगा, पायांत काही नाही किंवा फार तर साध्या वहाणा, आणि क्योतोचा हिवाळा म्हणजे बर्फाचा. आपल्याकडे माघात पहाटे वाडीला पाणी लावायला जाताना आपण कानाला फडके बांधतो, मग त्या थंडीची काय कथा! बाकीचे साधू नुकते आलेले, भाषेला अडलेले. तेव्हा दारात आलेल्या अधिकाऱ्याशी बोलायचे ते गोन्सालोंनी, सुताराला काम समजवायचे ते गोन्सालोंनी, आणि कुठे दुखते, काय हवे, हे रोग्याला विचारायचे तेही बहुधा त्यांनीच. ज्या रोग्यांना त्या काळी घरचे लोकही जवळ करीत नसत, त्यांच्याशी त्यांच्याच बोलीत बोलणारा माणूस म्हणजे केवढा आधार! जखम धुणारे हात पुष्कळ भेटतात, विचारपूस करणारा विरळा.

हळूहळू या मठाभोवती जपानी कुटुंबे गोळा झाली. मिगेल कोझाकी हा धनुष्यबाण बनवणारा कारागीर आणि त्याचा चौदा वर्षांचा मुलगा तोमास मदतीला असत. ओसाकाच्या मठात जोआकीम साकाकिबारा स्वयंपाक करी. बारा वर्षांचा लुईस इबाराकी वेदीवर सेवा करी. एक वैद्यही त्यांत होता.

1596 च्या ऑक्टोबरात सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्याला लागले. त्यातल्या मालाची जप्ती झाली, संशय वाढले आणि हिदेयोशीचा राग या गरीब मठांवर कोसळला. डिसेंबरात मठांवर पहारे बसले. पकडायच्या यादीत मथियास नावाचा मठाचा एक माणूस होता. तो नेमका कामाला बाहेर गेला होता. तेव्हा शेजारचा दुसराच मथियास पुढे आला आणि त्या जागी बांधला गेला. शेजारधर्माची ही गोष्ट मी आमच्या मंडळात दोनदा सांगितली आहे, तरी पुन्हा लिहिल्याशिवाय राहवत नाही.

3 जानेवारी 1597 रोजी क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाच्या पाळ्या कापण्यात आल्या. गाड्यांतून त्यांची धिंड निघाली आणि मग भर थंडीत जवळजवळ महिनाभर नागासाकीपर्यंत चाल. निघाले तेव्हा चोवीस होते, वाटेत दोघांची भर पडली. वाटेवर मिहारा येथून तोमासने आपल्या आईला पत्र लिहिले, ते पुढे त्याच्या बापाच्या कपड्यांत सापडले. 5 फेब्रुवारीला सव्वीस जणांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी मारले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि बाकी सतरा मठाशी जोडलेले जपानी लोक होते. कारागीर, स्वयंपाकी, वैद्य, वेदीवरची पोरे, आणि दुभाष्या. बिऱ्हाडच्या बिऱ्हाड गेले. गोन्सालो तेव्हा चाळिशीचे होते.

1627 साली त्यांना धन्य आणि 8 जून 1862 रोजी पोप नववे पायस यांनी संत म्हणून घोषित केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर 1962 मध्ये सव्वीस जणांचे स्मारक उभारले गेले. त्यात सारे एका ओळीत, एकाच भिंतीवर उभे आहेत. धर्मगुरू वर आणि स्वयंपाकी खाली, असा भेद तिथे केलेला नाही. आपले वसईचे ब्रदर त्याच ओळीत आहेत.