बीपी वाढलं आणि नाडी मंदावली की आयसीयूतली नर्स का धावते? उत्तर हार्वे कुशिंगच्या गोष्टीत आहे

डोक्याला मार लागलेला पेशंट आयसीयूत आहे. मॉनिटरवर बीपी १८० च्या वर गेलंय आणि नाडी ५० च्या खाली आलीये. बाहेर बसलेल्या नातेवाईकाला वाटेल, नाडी शांत झाली, म्हणजे बरं चाललंय. पण आतली नर्स हे दोन आकडे एकत्र बघते, टॉर्च मारून डोळ्यांच्या बाहुल्या तपासते आणि लगेच डॉक्टरला फोन लावते.

या जोडीला कुशिंग रिफ्लेक्स म्हणतात. नर्सिंगच्या पुस्तकात हे नाव पाठ करावं लागतं, पण ते नाव ज्याचं आहे त्या माणसाची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

हार्वे कुशिंग. जन्म ८ एप्रिल १८६९, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, क्लीव्हलँडला. दहा भावंडांत सगळ्यात धाकटा. वडील डॉक्टर, आजोबा डॉक्टर, पणजोबाही डॉक्टर. येलमध्ये असताना गडी बेसबॉल खेळायचा. तिथून हार्वर्डला डॉक्टरकी शिकायला गेला आणि तिथेच त्याला पहिला दणका बसला.

झालं असं की, त्या काळी ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वेगळा डॉक्टर नसायचा. हातात स्पंज घ्यायचा, त्यावर ईथर ओतायचं आणि पेशंटच्या नाकाला लावायचं. हे काम चक्क विद्यार्थ्यांकडे असायचं, तेही फारसं काही न शिकवता. कुशिंगने ईथर दिलेला एक पेशंट असाच दगावला. डॉक्टरकी सोडून द्यावी इथपर्यंत त्याची मजल गेली होती.

सोडली मात्र नाही. एर्नेस्ट कॉडमन नावाचा वर्गमित्र होता, त्यानेही असेच वाईट अनुभव घेतले होते. दोघांनी जेवणाची पैज लावली, कोण जास्त चांगली भूल देतो याची. मग चांगलं-वाईट ठरवणार कसं? त्यासाठी १८९४ च्या सुमारास ते ऑपरेशन चालू असताना दर काही मिनिटांनी नाडी आणि श्वास कागदावर लिहायला लागले. कोणाला फार मोठा शोध वाटणार नाही. पण आज नर्स तासातासाला भरते तो चार्ट याच कागदाचा वंशज आहे. माझ्या मते कुशिंगच्या सगळ्या ऑपरेशनांपेक्षा या कागदाने जास्त जीव वाचवले असतील.

पुढे जॉन्स हॉपकिन्समध्ये हॅल्स्टेडच्या हाताखाली सर्जरी शिकून झाल्यावर, १९०० साली तो युरोपात गेला. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात थिओडोर कोखर या बड्या सर्जनने त्याला एक प्रश्न दिला. कवटीच्या आतला दाब वाढला, की शरीरात नेमकं काय होतं?

आता इथे जरा थांबून समजून घेऊ. कवटी म्हणजे हाडाची बंद पेटी. आत तीनच गोष्टी आहेत. साधारण १४०० ग्रॅमचा मेंदू, रक्त आणि दीडशे मिलिलिटरच्या आसपास पाण्यासारखा द्रव. पेटी फुगत नाही. त्यामुळे आत रक्ताची गाठ झाली किंवा सूज आली, की आधी तो द्रव आणि रक्त थोडं बाहेर सरकतं आणि काही काळ निभावून जातं. ती जागा संपली की दाब झपाट्याने चढतो.

एरवी हा दाब १५ च्या आत असतो. मेंदूला रक्त मिळायचं तर बीपीला या दाबावर मात करावी लागते. सरासरी बीपी ९० आणि आतला दाब १० असेल, तर रक्त ढकलायला ८० चा जोर उरतो. आतला दाब ५० झाला तर उरतात फक्त ४०. मेंदू उपाशी मरायला लागतो.

कुशिंगने प्राण्यांच्या कवटीला काचेची खिडकी बसवली आणि आतला दाब हळूहळू वाढवत नेला. त्याला दिसलं, की दाब रक्तदाबाच्या जवळ पोचला की शरीर रक्तदाब आणखी वर नेतं. परत दाब वाढवला, परत बीपी वर. मेंदूच्या बुडाशी असलेल्या लंबमज्जेला रक्त कमी पडलं, की ती अख्ख्या शरीरातल्या रक्तवाहिन्या आवळायचा हुकूम सोडते. बीपी चढतं. मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या रक्तवाहिन्यांमध्ये बीपी मोजणारी यंत्रणा असते, ती हे बघून व्हेगस नर्व्हमार्फत हृदयाला ब्रेक लावते. म्हणून नाडी मंदावते. श्वासाचं केंद्रही तिथेच असल्यामुळे श्वास वेडावाकडा होतो. बीपीच्या वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर वाढतं.

म्हणजे हे वाढलेलं बीपी आजार नाही, ती मेंदूची शेवटची धडपड आहे. ते नुसतं औषध देऊन खाली आणलं आणि आतला दाब तसाच राहिला, तर मेंदूचा उरलासुरला रक्तपुरवठाही तुटतो. आणि हे लक्षण उशिरा येतं. त्यामुळे चांगली नर्स त्याची वाट बघत बसत नाही. पेशंट आधीपेक्षा सुस्त झालाय का, नीट बोलतोय का, एक बाहुली मोठी झालीये का, हे आधी पकडते. डोकं ३० अंश वर आणि मान सरळ ठेवण्यामागेही हेच आहे, म्हणजे डोक्यातलं रक्त सहज खाली उतरतं.

१९०१ मध्ये इटलीतल्या पाव्हियाला त्याने रिवा-रोचीचा दंडाला बांधायचा बीपीचा पट्टा पाहिला. तो अमेरिकेत आणला आणि चार्टवर बीपीचा रकाना वाढला. बॉस्टनच्या जुन्या सर्जनना ते काही पटलं नाही, त्यांचा भरवसा नाडीवरच्या बोटावर होता.

मग सुरू झाली मेंदूची सर्जरी. तेव्हा मेंदूचं ऑपरेशन म्हणजे पेशंट गेलाच, अशी गत होती. कुशिंगने रक्त थांबवायला चांदीच्या क्लिप काढल्या. १ ऑक्टोबर १९२६ ला बॉव्ही या शास्त्रज्ञाचं विजेवर चालणारं यंत्र वापरून, काही दिवसांपूर्वी रक्तस्रावामुळे अर्धवट सोडलेली गाठ काढली. आज ऑपरेशन थिएटरमध्ये ज्याला कॉटरी म्हणतात ते हेच. १९३१ मध्ये त्याने दोन हजारावी मेंदूची गाठ काढली, तोवर त्याच्या पेशंटमधलं मृत्यूचं प्रमाण १० टक्क्यांच्या खाली आलं होतं. मधल्या काळात, गुरू विल्यम ऑस्लरचं चरित्र लिहून पुलित्झरही मिळवलं.

पण माणूस म्हणून अवघड होता. सहकारी आणि नर्सेस त्याच्या जिभेला घाबरायच्या. घरी फारसा नसायचाच. १९२६ च्या जूनमध्ये त्याचा मोठा मुलगा विल्यम मोटार अपघातात गेला. बातमी सकाळी आली. कुशिंगने पत्नीला कळवलं आणि ठरलेलं ऑपरेशन करायला गेला. याला कर्तव्य म्हणायचं की आणखी काही, तुमचं तुम्ही ठरवा.

सगळं जिंकलाही नाही. जनरल लिओनार्ड वूडची गाठ त्याने १९१० मध्ये यशस्वीपणे काढली होती. ती परत वाढली. १९२७ मध्ये पुन्हा ऑपरेशन केलं आणि वूड गेले.

जाता जाता एक खुलासा, स्टेरॉइडने चेहरा सुजतो त्याला कुशिंग सिंड्रोम म्हणतात, ते नावही याच गड्याचं.

सिगारेट त्याला शेवटपर्यंत सुटली नाही. पायांच्या रक्तवाहिन्या आधीच खराब झाल्या होत्या. ७ ऑक्टोबर १९३९ ला, वयाच्या सत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने गेला. शवविच्छेदनात डॉक्टरांना त्याच्या मेंदूतल्या तिसऱ्या पोकळीत एक सेंटीमीटरची गाठ सापडली. ही जागा अशी, की तिथली गाठ वाढली तर द्रवाची वाट अडते आणि कवटीतला दाब चढतो. कुशिंगची गाठ तेवढी वाढली नव्हती.

त्याने जपून ठेवलेले शेकडो पेशंटचे मेंदू पुढे येलच्या एका तळघरात धूळ खात पडले होते. २०१० पासून ते काचेच्या बरण्यांमध्ये, पेशंटच्या फोटोंसह, येलच्या वैद्यकीय ग्रंथालयात बघायला मिळतात.