इंदूरचा एका दिवसाचा महाराज : पॅट्रिक गेडिस

इंदूरच्या इतिहासात होळकरांची नावे आपल्याला तोंडपाठ असतात. पण याच शहरात एका दिवाळीला एक पांढऱ्या दाढीचा स्कॉटिश प्राध्यापक एका दिवसापुरता महाराज झाला होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते. घर आणि गल्ली नीट असली तर माणूस निरोगी राहतो आणि जास्त जगतो, हे त्याने आयुष्यभर सांगितले. म्हणून त्याची ओळख करून घेऊ या.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1854 रोजी स्कॉटलंडमधील बॅलेटर या गावी झाला. लंडनला थॉमस हक्सले यांच्या हाताखाली ते जीवशास्त्र शिकले. 1879 मध्ये मेक्सिकोत असताना त्यांची दृष्टी काही काळ गेली. पुढे दिसू लागले, तरी सूक्ष्मदर्शकावर तासन्‌तास काम करणे अवघड झाले. मग त्यांची नजर शहरांकडे वळली. झाडाचा अभ्यास करताना माती, पाणी, ऊन पाहायचे. तसेच माणसाचा अभ्यास करताना त्याचे घर आणि आळी पाहायची, ही त्यांची रीत.

1886 मध्ये ॲना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दोघांनी संसार थाटला तो एडिंबरा शहराच्या जुन्या, दाटीवाटीच्या, गरीब वस्तीत. पडकी घरे दुरुस्त करायची, भिंतींना रंग द्यायचा, रिकाम्या कोपऱ्यात बाग करायची, आणि हे सारे शेजाऱ्यांना सोबत घेऊन. संगीत शिकवणाऱ्या ॲनाबाई या कामात बरोबरीने होत्या.

1914 मध्ये गेडिस हिंदुस्थानात यायला निघाले. त्यांचे नगररचनेचे प्रदर्शन ज्या जहाजावर होते ते जर्मन युद्धनौका एमडेनने बुडवले. वर्षानुवर्षे जमवलेले नकाशे, चित्रे समुद्रात गेली. मित्रांनी नवे साहित्य पाठवले आणि 1915 मध्ये मद्रासला प्रदर्शन भरले. पुढे अनेक शहरांसाठी त्यांनी अहवाल लिहिले; बडोद्याचा अहवाल 1916 चा आहे.

त्या काळी दाट वस्तीतून सरळ रुंद रस्ता काढणे म्हणजे सुधारणा, असे मानत. गेडिस यांना ते पटत नसे. घर पाडले की गरीब माणूस दुसऱ्या, आणखी दाटीच्या खोलीत जातो. रोग तसाच राहतो, असे ते दाखवून देत. आधी गल्लीबोळ पायी हिंडायचे, मोजायचे. मग अगदी पडीक तेवढीच घरे काढून तिथे छोटा चौक करायचा, झाड लावायचे, बसायला जागा करायची. उजेड, वारा मिळाला आणि शेजार तुटला नाही की पुष्कळसे काम झाले.

1917 हे वर्ष त्यांच्यासाठी फार वाईट गेले. मुलगा ॲलॅस्डेअर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. ॲनाबाई इथे आजारी होत्या. त्यांना ही बातमी न सांगताच गेडिस शुश्रूषा करत राहिले. थोड्याच दिवसांत त्याही गेल्या.

इंदूरचे काम याच सुमाराचे. शहरात प्लेगची भीती होती. नकाशे घेऊन गल्लोगल्ली हिंडणारा हा साहेबच प्लेग आणतो, असा लोकांचा समज झाल्याचे सांगतात. गेडिस यांनी दरबाराकडे एक दिवसाचे राजेपण मागितले आणि दिवाळीची मिरवणूक जाहीर केली. नेहमीच्या वाटेने नव्हे, तर ज्या भागात घरांची साफसफाई आणि डागडुजी सर्वांत जास्त होईल, तिथून ती जाणार होती. मग काय, घरोघरी झाडझूड, रंगरंगोटी सुरू झाली. कचऱ्याच्या गाड्या भरभरून बाहेर गेल्या. मिरवणुकीत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा उंदीर होता, लक्ष्मी होती, आणि पांढऱ्या स्वच्छ पोशाखात मानाने चालणारे सफाई कामगार होते. तुळशीची रोपे वाटली गेली. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले. साथ ओसरली, त्यात ऋतुबदलाचा वाटा होताच, पण लोकांची भीती गेली, हे मोठे.

1918 मध्ये त्यांचा इंदूरचा अहवाल दोन खंडांत आला. दारातले तुळशीवृंदावन त्यांना नीट राखलेल्या घराची खूण वाटे. 1919 ते 1924 ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांनीच इंग्लंडला शिकायला पाठवले. पुढे त्या विभागाची धुरा घुर्ये यांनी वाहिली. 17 एप्रिल 1932 रोजी फ्रान्समधील माँपेलिए येथे गेडिस यांचे निधन झाले.

2017 पासून आपले इंदूर स्वच्छतेत देशात पहिले येत राहिले, याचा आपल्याला अभिमान आहे. पण गेडिस यांची कसोटी कचऱ्यापाशी थांबत नाही. जुने वाडे जाऊन तिथे इमारती आल्या; ओटे, ओसऱ्या गेल्या. आपल्या आजी-आजोबांना जिना उतरून चार पावले सावलीत चालता येते का? थकले तर बसायला बाक आहे का? कुणी दोन दिवस दिसले नाही तर शेजारी दार वाजवतात का? यंदा दिवाळीची साफसफाई काढू तेव्हा उंबरठ्यापाशी न थांबता जिना, अंगण आणि गल्लीचा कोपराही तिच्यात घेऊ या.