वृद्धांच्या भेटीला जाणारा सम्राट : प्रियदर्शी अशोक

सम्राट अशोक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कलिंगाचे युद्ध, सारनाथचा सिंहस्तंभ आणि तिरंग्यावरचे चक्र येते. जयंतीच्या बॅनरवरही हेच असते. पण या राजाने आपल्या शिलालेखांत एका माणसाचा उल्लेख पुन्हा पुन्हा केला आहे. तो माणूस म्हणजे वयाने थकलेला, आधार हवा असलेला म्हातारा माणूस. अशोकाचे चरित्र या बाजूने वाचले, तर आजच्या धम्मचळवळीला त्यातून बरेच काही घेता येते.

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा मुलगा. इ.स.पूर्व २६८ च्या सुमारास त्याचा राज्याभिषेक झाला. अभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर त्याने कलिंग जिंकले. त्या युद्धात एक लाख माणसे मारली गेली, दीड लाख बंदी करून नेली गेली आणि त्याहून कितीतरी जास्त नंतर मेली, हे त्याने स्वतःच तेराव्या शिलालेखात कोरून ठेवले आहे. त्याचे दुःख केवळ आकड्यांचे नव्हते. आईवडिलांची आणि वडीलधाऱ्यांची सेवा करणारी, नोकरचाकरांशी नीट वागणारी साधी माणसे या युद्धात भरडली गेली, ही सल त्या लेखात स्पष्ट दिसते. सेवा करणारा तरुण मारला गेला, की त्याच्यामागे म्हातारे आईबाप निराधार होतात. हे अशोकाला कळले आणि इथून त्याचा मार्ग बदलला.

अभिषेकानंतर दहाव्या वर्षी तो संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला. त्याआधीचे राजे विहारयात्रेला निघत, म्हणजे शिकार आणि मौजमजा. अशोकाने तिच्या जागी धम्मयात्रा सुरू केली. या यात्रेत तो काय करी, हे आठव्या शिलालेखात आहे. श्रमण आणि ब्राह्मण यांच्या भेटी व त्यांना दान, वृद्धांच्या भेटी व त्यांना धनाची मदत, आणि खेड्यापाड्यांतील लोकांना भेटून धम्माविषयी बोलणे. म्हाताऱ्यांना दरबारात बोलावून दान वाटले, असे तो लेख सांगत नाही. राजा स्वतः त्यांच्याकडे जाई, असे सांगतो.

महाराष्ट्रातील वाचकांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. या आठव्या शिलालेखाचा तुकडा आपल्याच सोपाऱ्याला, आजच्या नालासोपाऱ्याजवळ, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. त्याच परिसरात भुईगाव येथे १९५६ साली नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आजारपण, लग्न, प्रवास अशा प्रसंगी लोक जे अनेक मंगलविधी करतात त्यांचे फळ थोडे. नोकरांशी चांगली वागणूक आणि वडीलधाऱ्यांचा आदर हेच खरे मंगल, असा त्या नवव्या लेखाचा आशय आहे. बाबासाहेबांनी नागपूरला अशोक विजयादशमीच्या दिवशी धम्मदीक्षा दिली, ते वर्षही १९५६ हेच.

राजा एकटा सगळीकडे पोहोचू शकत नाही, हे अशोक जाणून होता. म्हणून अभिषेकानंतर तेराव्या वर्षी त्याने धम्ममहामात्र नेमले. असे अधिकारी पूर्वी नव्हते, असे तो स्वतः नमूद करतो. अनाथ आणि वृद्ध यांच्या हितसुखासाठी झटणे हे त्यांच्या कामांपैकी एक होते. तुरुंगातील कैद्यांमध्ये ज्यांच्यावर मुलाबाळांचा भार आहे किंवा जे म्हातारे झाले आहेत, त्यांच्या सुटकेकडे लक्ष देणे हेही त्यांचेच काम. दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधोपचाराची सोय, औषधी वनस्पतींची लागवड, रस्त्याकडेला विहिरी आणि झाडे यांचा उल्लेख येतो. चालून थकणाऱ्या माणसाला सावली आणि पाण्याचे मोल सर्वांत जास्त असते.

हे काम केवळ बौद्धांपुरते नव्हते, हे विशेष. धम्ममहामात्र सर्व पंथांमध्ये काम करीत. संघ, ब्राह्मण, आजीवक, निर्ग्रंथ अशी नावे सातव्या स्तंभलेखात आहेत. यवन, कंबोज, गांधार, राष्ट्रिक अशा सीमेवरच्या लोकांमध्येही ते जात. अशोक स्वतः बुद्धाचा उपासक होता, तरी बराबरच्या डोंगरातील गुहा त्याने आजीवकांना दिल्या. अभिषेकानंतर २७ व्या वर्षी कोरलेल्या सातव्या स्तंभलेखात तो आपल्या कामाचा आढावा घेतो. त्यातही वयोवृद्ध, गरीब, दुःखी आणि दास यांच्याशी योग्य वागणूक ही धम्माच्या वाढीची खूण म्हणून येते. इ.स.पूर्व २३२ च्या सुमारास त्याचे निधन झाले.

अशोकाला देव करण्याचे कारण नाही. त्याने देहदंडाची शिक्षा रद्द केली नाही, फक्त दोषींना तीन दिवसांची मुदत दिली. जंगलातील लोकांना त्याने इशाराही दिला. तरीही वृद्धांची काळजी ही फक्त मुलाची खासगी बाब नसून समाजाची आणि राज्याची जबाबदारी आहे, हे त्याने दगडावर कोरून मान्य केले.

आज आपल्या वस्त्यांत काय दिसते? मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला, आणि गावात आजी-आजोबा एकटे. नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेली, विहारासाठी विटा वाहिलेली माणसे आज औषधाच्या गोळ्यांसाठी कुणाची तरी वाट पाहत बसतात. आपण त्यांना जयंतीला शाल देतो, आणि पुढे वर्षभर त्यांच्या दारी जात नाही.

युवकांनो, अशोकाची रीत उचलायला सोपी आहे. विहार समितीने वस्तीतील एकट्या ज्येष्ठांची यादी करावी आणि प्रत्येक घराची जबाबदारी नाव घेऊन कुणाकडे तरी द्यावी. महिला मंडळ, आशा सेविका, आरोग्य केंद्र, शेजारची मुस्लिम, मातंग, आदिवासी वस्ती यांना सोबत घ्यावे. यादीत त्यांचेही म्हातारे असावेत. श्रावणबाळ योजनेचे अर्ज भरून द्यावेत. मुले सांभाळत नसतील, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली निर्वाहासाठी दाद मागता येते, हे त्यांना समजावून सांगावे. यासाठी मोठा निधी लागत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ लागते.

सोपाऱ्याचा तो दगड आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. तो पाहायला जरूर जा. पण त्याआधी आपल्या गल्लीतल्या आजीची विचारपूस करून या.

नमो बुद्धाय, जयभीम!