कालवांचा कैवारी

कालव म्हणजे खवय्यांची चैन. पण विल्यम कीथ ब्रूक्स या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने कालवांच्या रक्षणासाठी आयुष्याचा मोठा काळ वेचला. त्यांचा जन्म १८४८ मध्ये क्लीव्हलँड येथे झाला. बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ १८७६ मध्ये सुरू झाले, तेव्हापासून अखेरपर्यंत ते तेथेच रमले. नजीकच्या चेसापीक उपसागरात त्या वेळी कालवांचा अमाप उपसा सुरू होता.

क्रिसफील्ड बंदरात १८७९ मध्ये त्यांनी कालवाची अंडी समुद्राच्या पाण्यात फलित करून दाखविली. युरोपीय कालवाच्या अळ्या मादीच्या शिंपल्यात वाढतात. अमेरिकी कालवाच्या मात्र उघड्या पाण्यात, हे त्यातून स्पष्ट झाले. ही अळी दोन-तीन आठवडे तरंगते आणि मग कठीण पृष्ठभागाला, बहुधा जुन्या शिंपल्यालाच, कायमची चिकटते. साहजिकच शिंपले उपसून नेले, की पुढच्या पिढीचा आधारच नाहीसा होतो.

मेरीलँड राज्याने १८८२ मध्ये नेमलेल्या कालव आयोगाचे ते प्रमुख होते. शिंपले पुन्हा तळाशी टाकावेत आणि तळाचे पट्टे भाड्याने देऊन कालवांची शेती करावी, असा त्यांचा आग्रह होता. परंतु समुद्रतळ सर्वांच्या मालकीचा मानणाऱ्या मच्छीमारांना भाडेपट्ट्यांत पोटावर पाय येताना दिसला. १८९१ मध्ये ब्रूक्स यांनी सामान्य वाचकांसाठी 'द ऑयस्टर' हे पुस्तक लिहिले. तरीही उत्पादनाची घसरण थांबली नाही. १९०८ मध्ये त्यांचे निधन झाले.

मेरीलँडच्या हॅरिस क्रीक येथे २०११ ते २०१५ या काळात सुमारे ३५० एकरांवर कालवांचे थर नव्याने उभारण्यात आले. जुन्या शिंपल्यांवर रुजविलेली पिले तेथे सोडण्यात आली. ब्रूक्स यांचा सल्ला अमलात आला, पण शतकभर उशिराने.