मोकळीक देणारा माणूस: जॉन स्टुअर्ट मिल



बारावीचा निकाल लागला की घरोघरी वाद सुरू होतात. मुलाला चित्रकला शिकायची असते, वडिलांना तो इंजिनिअर व्हायला हवा असतो. कुठे मुलगी आपला जोडीदार स्वतः निवडते आणि घरात अबोला धरला जातो. आपल्या माणसाच्या भल्यासाठी त्याच्यावर किती जोर करावा? या प्रश्नावर आयुष्यभर विचार केलेल्या आणि लहानपणी त्याची झळ सोसलेल्या एका तत्त्वज्ञाची आज ओळख करून घेऊ.

जॉन स्टुअर्ट मिल यांचा जन्म २० मे १८०६ रोजी लंडनमध्ये झाला. वडील जेम्स मिल मोठे विद्वान. मुलाला आदर्श विचारवंत घडवायचेच, असा त्यांचा निर्धार होता. जॉनला त्यांनी शाळेत घातले नाही. तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन. सकाळी वडिलांबरोबर फिरताना आदल्या दिवशी वाचलेले सांगायचे. धाकट्या भावंडांना शिकवायचे, आणि त्यांचे चुकले तर जबाबदार यानेच राहायचे. खेळगडी असे नव्हतेच.

मुलगा हुशार निघाला, पण विसाव्या वर्षी, म्हणजे १८२६ साली, आतून कोसळला. ज्या सुधारणांसाठी आपण झटतो त्या सगळ्या आज झाल्या तर आपण सुखी होऊ का, असे त्याने स्वतःला विचारले आणि मनाने नाही म्हटले. कित्येक महिने तो यंत्रासारखा काम करत राहिला. शेवटी एका फ्रेंच लेखकाच्या आठवणींत वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग वाचताना त्याला रडू आले, आणि आपल्याला अजून हृदय आहे हे कळून तो सावरू लागला. पुढे वर्डस्वर्थच्या कवितांनी त्याला आधार दिला. वडिलांचे ऋण मिल यांनी कायम मानले. पण त्या घरात मायेपेक्षा धाक जास्त होता, हेही त्यांनी आत्मचरित्रात लपवले नाही.

१८३५ सालचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. कार्लाइल या लेखकमित्राने फ्रेंच राज्यक्रांतीवरील ग्रंथाच्या पहिल्या खंडाचे हस्तलिखित मिल यांना वाचायला दिले होते. मोलकरणीने ते रद्दी समजून जाळले, असे सांगितले जाते. दुसरी प्रत नव्हती. मिल स्वतः मित्राच्या दारी गेले आणि झालेले नुकसान कबूल केले. त्यांनी २०० पौंड भरपाई देऊ केली. कार्लाइलने १०० घेतले आणि तो खंड पुन्हा लिहून काढला. दोष नोकराच्या माथी मारून मिल मोकळे झाले नाहीत.

१८३० साली त्यांची हॅरिएट टेलर या विवाहित स्त्रीशी ओळख झाली. ही मैत्री वीस वर्षे टिकली आणि तिच्यावर टीकाही खूप झाली. हॅरिएटच्या पतीच्या निधनानंतर, १८५१ साली, त्यांनी लग्न केले. त्या काळच्या इंग्रजी कायद्याने पत्नीची मालमत्ता आणि व्यक्तित्व पतीच्या ताब्यात जाई. हा अधिकार आपल्याला मान्य नाही आणि आपण तो कधीही वापरणार नाही, असे मिल यांनी लग्नाआधी लिहून दिले. लादले जाणे म्हणजे काय हे ते लहानपणीच शिकले होते.

१८५८ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रान्समधील आविन्यों येथे हॅरिएट वारल्या. दोघांनी मिळून घडवलेले ‘ऑन लिबर्टी’ हे पुस्तक मिल यांनी १८५९ साली तिला अर्पण करून प्रसिद्ध केले. त्यातला मुख्य विचार साधा आहे. जाणत्या माणसाला समाजाने सक्तीने अडवायचे ते फक्त त्याच्या वागण्याने दुसऱ्याचे नुकसान होत असेल तर. केवळ त्याच्या भल्यासाठी म्हणून सक्ती नको. त्याला समजवावे, विनवावे, पण भाग पाडू नये.

यातली त्यांची उदाहरणे रोजच्या जगण्यातली आहेत. मोडकळीस आलेल्या पुलावर कोणी नकळत पाऊल टाकत असेल आणि सांगायला वेळ नसेल, तर त्याला धरून मागे ओढण्यात गैर नाही, कारण नदीत पडण्याची त्याची इच्छा नसते. एखादा दारू पितो, एवढ्यावरून त्याला शिक्षा नको. पण कामावर असलेला पोलीस प्याला तर शिक्षा हवी. पिण्यापायी ज्याची मुले उपाशी राहतात त्याला जाब विचारावा, तो दारूबद्दल नव्हे, तर कर्तव्य चुकल्याबद्दल. आणि मुलाला जन्म देऊन शिक्षण न देणे हा मिल यांच्या मते गुन्हाच.

१८६५ साली ते संसदेच्या निवडणुकीला उभे राहिले. कामगारवर्ग बहुधा खोटे बोलतो असे तुम्ही लिहिले आहे का, असे कामगारांच्याच सभेत त्यांना विचारण्यात आले. त्यांनी सरळ होकार दिला, आणि सभेने टाळ्या वाजवल्या. ते निवडून आले. स्त्रियांना मताधिकार द्यावा ही सूचना त्यांनी १८६७ साली मांडली. ती फेटाळली गेली, पण ७३ मते तिच्या बाजूने पडली.

तरीही मिल यांची एक मोठी चूक आपण विसरू नये. १८२३ पासून ३५ वर्षे त्यांनी लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत नोकरी केली. भारत त्यांनी कधी पाहिला नाही. स्वातंत्र्याचे तत्त्व मुलांना लागू नाही, तसेच मागासलेल्या समाजांनाही नाही, असे त्यांनी लिहिले. म्हणजे जी वडीलशाही त्यांनी घरात सोसली, तीच आपल्या पूर्वजांसाठी योग्य ठरवली. गंमत अशी की आगरकरांसारख्या आपल्या सुधारकांनी मिल वाचूनच मोकळ्या विचाराची हिंमत मिळवली.

मिल कोणत्याही चर्चचे नव्हते आणि त्यांची सगळी मते आपल्याला पटणारी नाहीत. स्वातंत्र्य हे चांगले निवडण्यासाठी असते, हे आपण विसरू शकत नाही. पण श्रद्धा कोणावर लादता येत नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

पत्नीच्या दफनभूमीजवळ घर घेऊन मिल दरवर्षी काही काळ तिथे राहत. ७ मे १८७३ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले आणि तिच्याशेजारीच त्यांना पुरण्यात आले.

या आठवड्यात घरात कोणाला अडवण्याआधी एवढेच स्वतःला विचारू या: त्याच्या वागण्याने खरोखर कोणाचे नुकसान होते आहे, की फक्त माझे म्हणणे मोडते आहे?

तुमचा,
फादर