अॅडमिरल चेस्टर निमित्झ

शाळेत भूगोल शिकवीत असता प्रशांत महासागराच्या नकाशावरील सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यांकडे बोट दाखवून मुले मला विचारीत, की ही नावे पाठ कशाला करावयाची? त्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या आयुष्यात सापडते, त्या पुरुषाचा अल्प परिचय ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहे.

निमित्झ यांचा जन्म २४ फेब्रुवारी १८८५ रोजी अमेरिकेतील टेक्सास प्रांती झाला. पितृछत्र जन्मापूर्वीच हरपले होते. पूर्वायुष्यात जहाजावर खलाशी असलेल्या आजोबांनी नातवास माया लावली. मुलाला भूसैन्याच्या विद्यालयात जावयाचे होते. तेथे जागा नव्हती म्हणून तो नाविक विद्यालयाच्या परीक्षेस बसला, आणि १९०५ मध्ये ११४ विद्यार्थ्यांत सातवा आला. पुढे १९०८ साली फिलिपाइन्समध्ये त्याच्या हाताखालील विनाशिका चिखलात रुतली. लष्करी न्यायालयापुढे चौकशी होऊन ठपका आला, पण नोकरी राहिली. वरिष्ठांनी त्या वेळी कठोरपणा केला असता तर पुढील इतिहास निराळा झाला असता, असे मला वाटते.

१९२० च्या सुमारास पर्ल हार्बर येथे पाणबुड्यांचा तळ उभारण्याचे काम त्यांनी केले. युद्धनौकेस तेल, पाणी, दारूगोळा व दुरुस्ती लागते आणि विमानाचा पल्ला मर्यादित असतो. सबब हजारो मैलांचा सागर ओलांडावयाचा तर वाटेत मुक्कामाची ठाणी हवीत, हे त्यांच्या मनावर तेव्हाच ठसले असावे.

डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर जपानने घाला घातला व त्या महिन्याच्या अखेरीस भग्न आरमाराची सूत्रे निमित्झ यांच्या हाती आली. मे १९४२ मध्ये ते स्वतः मिडवे या एकाकी प्रवाळबेटावर गेले, तळाची तपासणी केली आणि बचावास काय हवे ते विचारून विमाने, तोफा व माणसे पाठविली. जूनमध्ये तेथील लढाईत जपानने चार विमानवाहू नौका गमावल्या.

नंतर एकेक बेट घेत पुढे सरकणे सुरू झाले. नोव्हेंबर १९४३ मध्ये तारावा येथे उथळ पाण्यामुळे होड्या प्रवाळावर अडकल्या, आणि तीन दिवसांत सुमारे एक हजार अमेरिकन तरुण मेले. त्यांच्या मातांची संतप्त पत्रे निमित्झ यांच्याकडे आली. या धड्यानंतर मार्शल बेटांची योजना ठरली. हाताखालचे सेनानी बाहेरची बेटे आधी घेऊ म्हणत होते. निमित्झ यांनी मात्र मधल्या क्वाजालीनवरच थेट घाव घालण्याचा हट्ट धरला व तो फळास आला. मागे सुटलेल्या बेटांवरील जपानी शिबंदी उपासमारीने खंगत राहिली. माजुरो व उलिथी यांच्या विस्तीर्ण खाजणांत शेकडो जहाजांचे तरते तळ वसले. उलिथीतील मोगमोग बेटाच्या मूळ रहिवाशांना मात्र आपली घरे सोडून शेजारच्या बेटावर जावे लागले. विजयाच्या वर्णनात त्यांची आठवण क्वचितच निघते.

पेलेलियूची मोहीम रद्द करण्याचा हॉल्सी यांचा सल्ला त्यांनी मानला नाही, व तेथे झालेली प्राणहानी व्यर्थ गेली असे अनेक अभ्यासक मानतात. मलाही तो निर्णय समर्थनीय वाटत नाही. मेरियाना बेटे १९४४ च्या उन्हाळ्यात हाती आली. तिनियनवर अवाढव्य धावपट्ट्या बांधून सुमारे दीड हजार मैलांवरील जपानवर बॉम्बफेक सुरू झाली. १९४५ च्या ऑगस्टमध्ये अणुबॉम्ब नेणारी विमानेही तेथूनच उडाली.

२ सप्टेंबर १९४५ रोजी शरणागतीच्या कागदावर अमेरिकेतर्फे त्यांनी सही केली. आपल्या देशाशीही त्यांचा संबंध आला होता: १९४९ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी काश्मीरमधील सार्वमताचे प्रशासक म्हणून त्यांना नेमले; परंतु ते सार्वमत झालेच नाही. तरुणपणी १९०५ मध्ये जपानचे विजयी अॅडमिरल टोगो यांना ते भेटले होते. शत्रुत्व संपल्यावर टोगोंच्या मिकासा या जुन्या युद्धनौकेचा जीर्णोद्धार व्हावा म्हणून त्यांनी मनापासून खटपट केली आणि १९६१ साली ती नौका पुन्हा लोकांस पाहावयास खुली झाली.

२० फेब्रुवारी १९६६ रोजी, ऐंशी वर्षे पूर्ण करून, सॅन फ्रान्सिस्कोच्या आखातातील एका बेटावर त्यांचे निधन झाले. त्यांच्याच इच्छेनुसार त्यांचे दफन साध्या सैनिकांच्या रांगेत, जुन्या सहकाऱ्यांशेजारी करण्यात आले.